मॉलमधली ‘एलपी’ ड्युटी: मार आणि पोलीस केस, दोन्ही टाळायची पद्धत

सुपरमार्केटमध्ये किंवा कपड्यांच्या शोरूममध्ये ‘एलपी’ (लॉस प्रिव्हेन्शन, म्हणजे मालाची चोरी रोखणारा माणूस) म्हणून लागलात की पहिल्या आठवड्यात जो तो तुम्हाला चोर कसा ओळखायचा ते शिकवतो. चोराने हात उचलला तर काय करायचं हे सहसा कोणी सांगत नाही. आणि ज्याला चोर म्हणून धरलं तो चोर निघालाच नाही तर पुढे काय, हे तर कोणीच सांगत नाही.

या नोकरीत धोके दोन प्रकारचे. एक अंगावरचा: धक्का, ब्लेड, पार्किंगमध्ये वाट बघत थांबलेली पोरं. दुसरा कागदावरचा: डांबून ठेवलं, हात लावला, पैसे उकळले, अशी तुमच्याच नावाने झालेली तक्रार. माझ्या मते नवीन माणसाला दुसरा जास्त भोवतो, कारण तो येताना दिसत नाही. तुपाचा डबा गेला तर कंपनीच्या हिशेबात तो ‘श्रिंकेज’मध्ये, म्हणजे मालाच्या तुटीत, टाकला जातो आणि महिनाअखेरीला विषय संपतो. एफआयआरमध्ये नाव मात्र कंपनीचं नाही, तुमचं येतं. पुढचं सगळं हे डोक्यात ठेवून वाचा.

१. रुजू होण्याआधी चार गोष्टी विचारा

तुम्ही कंपनीच्या पगारपत्रकावर आहात की एजन्सीच्या, हे आधी स्पष्ट करून घ्या. एजन्सी असेल तर २००५च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली तिच्याकडे परवाना हवा. ट्रेनिंगही हवं. केंद्राच्या नमुना नियमांत गार्डसाठी १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष असं ट्रेनिंग सांगितलेलं आहे. आदल्या दिवशी फॉर्म भरून दुसऱ्या दिवशी गेटवर उभं करत असतील तर काय समजायचं ते समजा. महाराष्ट्रात सुरक्षा रक्षकांसाठी १९८१चा स्वतंत्र कायदा आणि मंडळंही आहेत. ‘बोर्डाचा गार्ड’ म्हणतात तो त्यातलाच.

दुसरं, ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) नंबर मिळाला का? महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारे त्यात येतात. नंबर ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर दोन महिने चालवून घेऊ नका.

तिसरं, ग्राहकाला थांबवायचा अधिकार नेमका कोणाला? स्टोअर मॅनेजरला, एलपी एक्झिक्युटिव्हला, की गेटवरच्या गार्डलाही? हे लेखी मागा. लेखी नसेल तर निदान व्हॉट्सअॅपवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

चौथं, ‘टार्गेट’ आहे का? महिन्याला इतके ‘केस’ पकडा, नाहीतर पगार कापू, असं काही ठिकाणी तोंडी चालतं. या धंद्यातली सगळ्यात धोकादायक गोष्ट हीच आहे. आकडा पूर्ण करायला माणूस संशयावर लोकांना धरू लागतो, मग मारामारी होते आणि केसही होते. असं टार्गेट असेल तर दुसरी नोकरी बघा, हे मी अगदी सरळ सांगतो.

२. अंगावर काय घालायचं

आयकार्डची दोरी झटका बसला की सुटणारी हवी. साधी नायलॉनची दोरी कोणी मुठीत धरली की तुमची मान त्याच्या हातात. टाय असेल तर क्लिपवाला. वरच्या खिशात पेन नको. बूट घसरणारे नकोत, मॉलची फरशी पुसलेली असते आणि झटापटीत बरेच लोक मारामुळे नाही, पाय घसरल्यामुळे पडतात. पोलीस किंवा लष्करासारखा दिसणारा युनिफॉर्म घालणं हा गुन्हा आहे, एजन्सीने दिला तरी घालू नका.

३. कायदा किती बाजूने आहे ते नीट समजून घ्या

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि एलपीवाल्यांसाठी एक मोठा फरक पडला. बऱ्याच स्टोअरमध्ये तो अजून पोहोचलेला नाही.

साध्या चोरीचं कलम ३०३. चोरलेला माल ५,००० रुपयांच्या आतला, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरतोय आणि त्याने माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा फक्त सामुदायिक सेवेची. शिवाय हा गुन्हा अदखलपात्र (म्हणजे पोलीसही वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत असा) आणि जामीनपात्र धरला आहे. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० बघा. पोलीस नसलेल्या माणसाला दुसऱ्याला अटक करता येते ती त्याच्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र असा गुन्हा घडला तरच, किंवा तो माणूस घोषित गुन्हेगार असेल तर. दोन्ही कलमं शेजारी ठेवली की लक्षात येतं: शेव्हिंगची पाती, डिओ, चॉकलेट, ड्रायफ्रूटचं पाकीट, म्हणजे रोजच्या चोऱ्यांपैकी बहुतेक चोऱ्यांत ‘मी त्याला कायद्याने धरलं’ हे म्हणणं टिकणं अवघड.

यावर कोणी म्हणेल, दुकानातल्या चोरीला कलम ३०५ लागू शकतं, कारण त्यात माल ठेवण्यासाठी वापरलेल्या इमारतीतली चोरीही येते आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. बरोबर आहे. पण कोणतं कलम लावायचं ते पोलीस ठरवणार, तेही नंतर. गेटवर उभं राहून तीन सेकंदांत तुम्ही ते ठरवू शकत नाही. म्हणून ड्युटीवर असताना असंच धरून चाला की मला अटकेचा अधिकार नाही. मला विनंती करायचा, पाहायचा, नोंदवायचा आणि पोलिसांना बोलवायचा अधिकार आहे.

आणि जिथे अटक खरोखर कायदेशीर असते, तिथेही विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत माणूस पोलिसांच्या ताब्यात द्यावा लागतो. ‘मॅनेजर साहेब संध्याकाळी येतील, तोवर बसवून ठेव’ हे त्यात बसत नाही. अंगझडतीचा अधिकार तर तुम्हाला कधीच नाही. ग्राहकाची पर्ससुद्धा त्याने स्वतः उघडून दाखवली तरच बघायची.

४. चोरी होऊच देऊ नका, हीच खरी सुरक्षा

ज्या चोरीला तुम्ही सुरुवातीलाच मोडता घातला, तिथे मारामारीचा प्रश्नच येत नाही. संशय आला की माणसाच्या मागे लपून फिरू नका, समोर जा. “मॅडम, बास्केट देऊ का?” “सर, साइज सापडत नाहीये का? कोणाला तरी पाठवतो.” एवढं पुरतं. ज्याला खरंच मदत हवी होती तो खूश होतो, आणि ज्याने पाकीट जॅकेटमध्ये सरकवलं होतं त्याला कळतं की आपल्यावर नजर आहे. दहा मिनिटांनी तेच पाकीट बिस्किटांच्या रॅकवर पडलेलं सापडतं. केस झाली नाही, पण माल दुकानात राहिला.

संशय घ्यायचा तो वागण्यावरून, कपड्यांवरून, आडनावावरून किंवा भाषेवरून नाही. किमतीकडे न बघता एकाच वस्तूचे पाच-सात नग उचलणं, मालाऐवजी कॅमेरे आणि स्टाफ शोधणारे डोळे, ट्रायल रूममध्ये सहा कपडे नेऊन चार घेऊन बाहेर येणं, ही वागणूक झाली. आणि चुकूनही जातीवरून बोलू नका. चारचौघांत तसा एक शब्द निघाला तर अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल होऊ शकतो आणि मूळ चोरी बाजूला राहते.

५. थांबवण्याआधी साखळी पूर्ण हवी

या कामातला जुना नियम आहे. माणूस त्या मालापाशी गेला, त्याने तो उचलला, लपवला, त्यानंतर एक क्षणही तो नजरेआड झाला नाही, बिल न करता काउंटर ओलांडला आणि दाराकडे निघाला. हे सगळं तुम्ही स्वतः पाहिलेलं असेल तरच बोलायला जायचं. मधली एक कडी सुटली, समजा तो खांबामागे अर्धा मिनिट दिसला नाही, की विषय सोडून द्यायचा. त्या अर्ध्या मिनिटात त्याने वस्तू परत ठेवली असेल किंवा साथीदाराकडे दिली असेल, आणि तुम्ही रिकाम्या खिशाच्या माणसाला सगळ्यांसमोर थांबवलेलं असेल.

कायद्याच्या भाषेत अप्रामाणिक हेतूने वस्तू जागेवरून हलवली की चोरी पूर्ण होते. पण बिलिंगच्या आत हेतू सिद्ध कसा करणार? आपल्याकडे अर्धे लोक सामान स्वतःच्या कापडी पिशवीत भरतात आणि काउंटरवर उपडी करतात. त्यात गैर काहीच नाही.

६. गेटचं मशीन वाजलं म्हणजे चोर सापडला, असं नाही

नव्या गार्डचा सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. हे गेट मालाला लावलेल्या चोरीविरोधी टॅगमुळे वाजतं. काउंटरवरच्या पोराने चिकट टॅग तो निकामी करणाऱ्या पॅडवर नीट घासला नाही, कडक टॅग डिटॅचरने काढायचा राहिला, किंवा दुसऱ्या दुकानातल्या वस्तूवरचा टॅग जिवंत राहिला, तरी गेट वाजतं. म्हणून बोलायचं ते असं:

“सर, मशीन वाजलं. बहुतेक काउंटरवर टॅग काढायचा राहिला असेल. बिल आणि पिशवी जरा बघू का? लगेच काढून देतो.”

चूक दुकानाकडे घेतली की प्रामाणिक माणूस चिडत नाही. चोरालाही मागे फिरायला वाट मिळते, “अरे, हे बिलात धरायचं राहिलं वाटतं” म्हणून तो पैसे देऊन मोकळा होतो. ती वाट त्याला द्या. तो नाही म्हणाला आणि चालू लागला, तर चालू द्या. वेळ, वर्णन, दिशा लिहून घ्या.

जाता जाता: छातीत पेसमेकर असलेल्यांनी या गेटजवळ रेंगाळू नये, नेहमीच्या चालीने पार व्हावं, असा वैद्यकीय सल्ला असतो. तुम्हालाच पेसमेकर असेल तर गेटलगतची ड्युटी घेऊ नका. एखादे आजोबा तसं सांगत असतील तर त्यांना गेटच्या मधोमध उभं करून चौकशी करू नका.

७. समोर उभं कसं राहायचं

एकट्याने जाऊ नका. दुसरा माणूस थोडा बाजूला, दिसेल असा. अंतर दीड हाताचं. शरीर तिरपं, म्हणजे एक खांदा पुढे, तळहात उघडे आणि छातीच्या उंचीला. नजर चेहऱ्यावर, पण लक्ष त्याच्या हातांवर. हात खिशात किंवा बॅगेत गेला की एक पाऊल मागे, कारण टॅग कापायला ब्लेड किंवा कटर ठेवणारे असतात. आवाज खाली. ‘चोर’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

आणि दार अडवायचं नाही. कोपऱ्यात सापडलेला माणूस तुम्हाला ढकलूनच बाहेर जाणार. माल नेताना त्याने मारलं किंवा मारायची भीती घातली की ती नुसती चोरी राहत नाही, कलम ३०९ खाली लुटीपर्यंत जाते. त्याची केस मोठी होते हे खरं, पण तोवर टाके तुम्हाला पडलेले असतात.

खाली सांगतो त्या ठिकाणी पाठलाग करायचाच नाही: सरकता जिना, बेसमेंट पार्किंग (वॉकी आणि मोबाइल दोन्ही बंद पडतात), रस्ता. चालू बाइकची किल्ली काढायला जाणं, मागच्याचा शर्ट धरणं, गाडीच्या खिडकीत हात घालणं हे तर अजिबात नाही. फरफटत जाल. मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क कायद्यात आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा त्यात नाही, आणि चोर माल घेऊन निसटला की साध्या चोरीत तो हक्क तिथेच संपतो.

८. गर्दीला हाक मारू नका

“पकडा, पकडा!” ही हाक आपल्याकडे सोपी आहे आणि तिचे परिणाम हाताबाहेर जातात. पाच मिनिटांत वीस जण जमतात, त्यांच्यापैकी कोणालाच काय घडलं ते माहीत नसतं, आणि प्रत्येक जण एक तरी हात टाकून जातो. माणूस मेला किंवा जायबंदी झाला तर व्हिडिओत युनिफॉर्म तुमचा दिसणार. गर्दी जमलीच तर तुमचं काम उलटं होतं: त्या माणसाला आडोशाला घ्या आणि लोकांना लांब करा.

कोणी खाली पडला असेल तर त्याच्या पाठीवर किंवा छातीवर बसू नका, मानेभोवती हात घालू नका. पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन पडलं की श्वास कोंडतो. तो धडपडतो ती हवेसाठी, आणि वर बसलेल्याला वाटतं अजून जोर करतोय, म्हणून तो आणखी दाबतो. मृत्यू यायला फार वेळ लागत नाही. माणूस पडला तर त्याला कुशीवर वळवा, बोलतं ठेवा, १०८ला फोन करा.

९. ऑफिसची खोली

मागच्या खोलीत जे चालतं त्यावरूनच एलपीवर सर्वाधिक बालंट येतं, असं मी म्हणेन. माणूस स्वतःहून आला तर: दार उघडं, कॅमेरा चालू, दोन कर्मचारी हजर. बाई असेल तर महिला कर्मचारी आल्याशिवाय खोलीत न्यायचंच नाही. त्याचा फोन काढून घ्यायचा नाही, घरी लावू द्यायचा. पाणी विचारायचं. ११२ला केलेल्या कॉलची वेळ वहीत लिहायची. “मला जायचंय” म्हणाला तर दारात आडवं उभं राहायचं नाही. कडी लावली की ते कलम १२७ खालचं डांबून ठेवणं होऊ शकतं, एक वर्षापर्यंत कैद.

काही ठिकाणी ‘दहापट दंड’ भरून सोडून द्यायची पद्धत आहे. पोलिसांची भीती घालून पैसे घेणं ही खंडणी, कलम ३०८. पावती दिली तरी. पैसे कंपनीच्या गल्ल्यात जातात आणि मागणारा म्हणून तुमचं नाव राहतं. माफीनामा लिहून घेणं, फोटो काढून भिंतीवर लावणं, सीसीटीव्हीची क्लिप बाजूच्या दुकानदारांच्या ग्रुपवर टाकणं, हे सगळं मॅनेजरने सांगितलं तरी करू नका. “सर, मला मेसेज करा, मग करतो,” असं म्हणून बघा. मेसेज येत नाही.

अठरा वर्षांखालचं मूल असेल तर खोली नाही, दमदाटी नाही. पालकांना फोन, नाहीतर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. वयस्कर माणूस बिल न देता गोंधळल्यासारखा निघाला असेल तर विसरभोळेपणाचा आजार असू शकतो, घरच्यांचा नंबर विचारा.

बायकांच्या बाबतीत पुरुष गार्डने बोटही लावायचं नाही. पिशवी ओढतानाचा स्पर्शसुद्धा कलम ७४पर्यंत जाऊ शकतो, शिक्षा एक ते पाच वर्षं.

१०. आतले चोर

ग्राहकापेक्षा सहकाऱ्याला पकडणं जोखमीचं, कारण तुमची ड्युटी कधी सुटते, तुम्ही कुठल्या गल्लीतून जाता हे त्याला माहीत असतं. बिल न मारता ओळखीच्याला माल देणारा कॅशियर, रिसीव्हिंगला दहा खोक्यांच्या जागी नऊ उतरवून सही घेणारा ड्रायव्हर, कचऱ्याच्या पिशवीतून माल काढणारा हाउसकीपिंगवाला: यांना तुम्ही स्वतः जाऊन विचारू नका. तारीख, वेळ, कॅमेरा नंबर लिहा आणि ते तुमच्या वरच्या माणसाला मेल करा. चौकशी एचआरने करायची. तुमचं नाव बाहेर येऊ नये असंही त्याच मेलमध्ये लिहा.

सुटताना होणारं स्टाफचं फ्रिस्किंग सगळ्यांसाठी सारखं, कॅमेऱ्यासमोर, बायकांचं बायकांनीच. मॅनेजरची बॅग सोडून पोरांची तपासली की राग तुमच्यावर निघतो, तोही बाहेर.

बाहेर पडताना युनिफॉर्मचा शर्ट बदला. रोज एकाच वेळी, एकाच वाटेने जाऊ नका. कोणी धमकी दिली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात निदान एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवून प्रत घ्या. पुढे काही झालं तर आधीची एनसी कामाला येते.

११. लागलं तर

ब्लेड, सुई किंवा चावा: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, दाबून रक्त काढू नका. लगेच सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळायची औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीचंही विचारा. डोक्याला मार असेल तर ‘बरं वाटतंय’ म्हणून ड्युटी पुढे चालू ठेवू नका.

डॉक्टरला ‘घरी पडलो’ सांगू नका, मॅनेजरने गळ घातली तरी. केसपेपरवर ‘ड्युटीवर मारहाण’ लिहिलं गेलं तरच पुढचं सगळं मिळतं. कामावरच्या इजेसाठी ईएसआयमध्ये आधी किती हप्ते भरले हे बघत नाहीत, पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क असतो, आणि बरं होईपर्यंत सरासरी पगाराच्या सुमारे ९० टक्के मिळतात. अपघाताच्या वहीत नोंद त्याच दिवशी करायला लावा आणि पानाचा फोटो काढा.

१२. तुमच्यावरच तक्रार झाली तर

पहिलं काम सीसीटीव्ही. बऱ्याच ठिकाणी दोन-चार आठवड्यांत जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. घटना घडली त्याच दिवशी मेल करा: कोणत्या कॅमेऱ्याचं, कधीपासून कधीपर्यंतचं फुटेज जपून ठेवायचं. आधीची आणि नंतरची पंधरा-पंधरा मिनिटंही मागा, नाहीतर फक्त तुम्ही हात धरल्याचा तुकडा उरतो. कोर्टात हे फुटेज चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ते कंपनीने द्यायचं, हे मेलमध्येच लिहा.

मग तुमचा अहवाल. त्यात ‘संशयित पळण्याच्या तयारीत होता’ असलं काही नको. ‘७.४२ला ग्रे शर्टमधल्या व्यक्तीने रॅक १४ वरून दोन पाकिटं उचलली’ एवढंच. जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही, आणि सुपरवायझरने तयार करून आणलेल्या जबाबावर न वाचता सही करायची नाही. पोलिसांनी बोलावलं तर कंपनीचा वकील येणार का, हे लेखी विचारा. येणारा वकील कंपनीचा आहे, कंपनीचं आणि तुमचं म्हणणं वेगळं पडत असेल तर तो तुमच्या बाजूने बोलणार नाही. अशा वेळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. जाताना आयकार्ड, पगाराची स्लिप, ड्युटी रजिस्टरच्या पानाचा फोटो आणि तो फुटेजचा मेल, एवढं बरोबर न्या.